दस्त्यातली पच्चर

सोलापूर, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५०

आज मन थाऱ्यावर नाही. माढ्याच्या इनामदारांच्या रायफलीला आबांनी शिसवीचा नवा दस्ता घडवलाय. आज त्यात नळीचं लोखंड बसवायचं होतं. लोखंडाला काजळी फासायची, लाकडात दाबायचं, काळा डाग उठेल तेवढंच पटाशीनं खरवडायचं. हे मला शिकवलं आबांनीच. पण आज त्यांना डाग दिसेचना. नको तिथं खरवडलं आणि लोखंड खुळखुळायला लागलं.

"बसलं का रं?" त्यांनी विचारलं.

मी "व्हय, आबा" म्हणालो. का म्हणालो? ते हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात मी फटीत लाकडाची पातळ पच्चर सरकवली.

पच्चर. माझ्या पहिल्या दस्त्यात त्यांना ती सापडली, तेव्हा अख्खा दस्ता चुलीत घातला होता त्यांनी.

परत आल्यावर त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला. पच्चरीपाशी तो थांबला. आता शिव्या बसणार, असं वाटलं. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लई झ्याक बसलंय," एवढंच म्हणाले. मग आपली पटाशी धोतराला पुसली आणि माझ्या पेटीत ठेवली.