उजव्या कोपऱ्यातलं नाव

ता. ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. रागावला असशील तर ह्या पत्राच्या शेवटापर्यंत राग सोड, कारण शेवटी तुझ्याकडे काम आहे.

कोशमंडळात रुजू होऊन तीन आठवडे झाले. आमची खोली लांबट आहे. दोन्ही भिंतींना छोट्या खणांची कपाटं आणि प्रत्येक खणात दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच शब्द, त्याचा अर्थ आणि तो सापडला ते वाक्य. उन्हाळा असला तरी पंखा लावायचा नाही, कारण चिठ्ठ्या उडतात. सगळे घामाघूम होऊन अर्थ लावत बसतात. दर गुरुवारी बैठक असते. मोठे सर, म्हणजे मुख्य संपादक, मधोमध बसतात. दोन म्हातारे सभासद अकरा वर्षांपूर्वी एका शब्दावरून भांडले, तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. एकाला दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं असेल तर तो माझ्याकडे बघून खोडतो. परवा मला दोन्हीकडून बोलणी बसली आणि माझा काही संबंधच नव्हता.

पण दादा, मला इथली एक रीत फार आवडली. शब्द पुस्तकातून न घेता कोणाच्या तोंडून ऐकला असेल, तर चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात त्या माणसाचं नाव लिहितात आणि कोशात शब्दापुढं ते नाव छापतात. सर म्हणाले, शब्दाला जात नसते, पदवी नसते, त्याला फक्त साक्षीदार लागतो. मला तेव्हाच बाबा आठवले. चाळीस वर्षं गवंडीकाम करताहेत, त्यांच्या तोंडी जे शब्द आहेत त्यातले कितीतरी आमच्या खणांत नाहीत. कपची आहे, पण नुसता दगडाचा उडालेला तुकडा म्हणून. दोन चिऱ्यांमध्ये ठोकून चिरा स्थिर करायची कपची नाहीच.

तेव्हा काम असं. दुपारी जेवायला बसलात की बाबांना विचार आणि लिहून पाठव. त्यांना सांग, नाव छापून येणार आहे.

आईच्या गुडघ्याचं कळव. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, त्यात काटछाट करू नकोस.

तुझी,
बारकी


ता. २० जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पंडितीणबाई, पत्र पोचलं. घरात तीनदा वाचून झालं. आईचं म्हणणं, पंखा नसलेल्या ऑफिसात नोकरी करायची होती तर एवढं शिकायची काय गरज होती. गुडघा तसाच आहे, तोंड मात्र उत्तम चालतंय.

बाबांना विचारलं. आधी म्हणाले, हे काय शब्द आहेत का, ही तर कामं आहेत. मग नावाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच माझ्या शेजारी येऊन बसले आणि सुरू झाले. आता थांबतच नाहीत. परांचीवर उभं राहून वरून ओरडतात, लिही रे, आणखी एक आठवला. मी खाली घमेलं घेऊन उभा. मुकादम मला म्हणाला, तुला गवंडी म्हणून ठेवलाय का कारकून म्हणून?

परवा जरा चिडले होते. खाणीतून आलेल्या मालात तीन चिरे पोटात तडकलेले निघाले. बाबांनी तिन्हींवर गेरूची रेघ ओढली आणि बाजूला लोटले. रेघ पडली की तो दगड भिंतीत जात नाही, मग मालक येऊन रडला तरी. पण त्या चिडीतही दोन शब्द सांगितले, ते यादीच्या शेवटी आहेत. जरा जपून वापर, तापलेले आहेत.

एकूण एकसष्ट पाठवतोय. माझं अक्षर लागत नसेल तर तुझं नशीब. माझी शाळा सातवीत सुटली, तुझ्यासारखी मी काही लांबवली नाही.

एक विचारायचंय. छापतात म्हणजे बाबांचं नाव पूर्ण छापतील ना? कारण हजेरीपटावर ते पूर्ण सही करतात. तू चौथीत असताना फळीवर कोळशानं गिरवून घेतली होतीस, तीच. दुसरं एक अक्षर वाचता येत नाही, पण तेवढी दोन मिनिटं मुकादमाला थांबायला लावतात.

तब्येतीला जप आणि आम्हाला विसरू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
दादा


ता. ११ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी यादी म्हणजे खजिना आहे. एकसष्ट चिठ्ठ्या मी स्वतःच्या हातानं केल्या आणि प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात बाबांचं पूर्ण नाव लिहिलं.

गुरुवारच्या बैठकीत त्या ठेवल्या. जरा अडचण आली. नव्या खंडापासून नियम कडक झाला आहे. नुसता तोंडी पुरावा चालत नाही, शब्द एकदा तरी कुठंतरी छापलेला लागतो. त्यावर ते दोन म्हातारे अकरा वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी सहमत झाले, तेही माझ्याकडेच बघून. मला रडू यायच्या बेतात होतं. पण सरांनी तोड काढली. ते म्हणाले, चिठ्ठ्या माझ्याकडे दे, मी आपल्या त्रैमासिकात गवंडीकामाच्या शब्दांवर लेख लिहितो, म्हणजे छापील पुरावा तयार होईल आणि सगळे शब्द आत येतील. एवढा मोठा माणूस, दादा, आणि आपल्या बाबांच्या शब्दांसाठी लेख लिहिणार! मी सगळ्या चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी पोचवल्या.

बाबांना सांग, आता काळजी नाही.

लोभ वाढता ठेवलास तर हिशेब मागणार नाही.

तुझी,
बारकी


ता. २ ऑक्टोबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

दीड महिना झाला, तुझं पत्र नाही. लेख छापून आला का? बाबा रोज विचारत नाहीत, पण मी कामावरून आलो की माझ्या हातांकडे बघतात, पत्र आहे का म्हणून. कामावरच्या सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलंय. आता लोक त्यांना कोशवाले म्हणतात. वर वर चिडतात, पण आतून खूश आहेत.

खंड डिसेंबरात निघणार असं तू मागं म्हणाली होतीस. बाबांना एकच कळायला हवंय, नाव कितव्या पानावर आहे. पान कळलं की ते कोणाकडूनही उघडून घेतील.

दोन ओळी लिही. दोन ओळींनी तुझी पदवी झिजणार नाही.

तुझा,
दादा


ता. १९ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काम फार आहे, म्हणून लिहिणं झालं नाही. लेख आला. चांगला आहे. सगळे शब्द कोशात गेले, एकसष्टच्या एकसष्ट.

पानाचं नक्की सांगता येत नाही. छपाईत पानं मागंपुढं होतात.

प्रकाशनाचा समारंभ चौदा डिसेंबरला आमच्याच सभागृहात आहे. बाबांना आणायचं की नाही ते तू ठरव. प्रवास लांबचा, दगदग होईल. बसायला शेवटच्या रांगा असतात आणि भाषणं लांबतात. न आलात तर मला वाईट वाटणार नाही.

सगळ्यांना नमस्कार. लोभ आहेच, असं धरून चालते.

तुझी,
बारकी


ता. १८ डिसेंबर

चि. बारकीस,
आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. तू गाडीवर सोडायला आलीस, पण सगळा वेळ आईच्या गुडघ्याबद्दल बोललीस, म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहितोय.

तुझ्या सरांचं भाषण ऐकलं. गवंड्यांचे शब्द गोळा करायला आपण किती फिरलो, कसं उन्हातान्हात उभे राहिलो, हे त्यांनी सांगितलं. बारके, मी त्यांचे बूट बघितले. मग त्यांनी नमुना म्हणून कपची वाचून दाखवली. दगड घडताना उडणारा निरुपयोगी तुकडा, असं म्हणाले. बाबा माझ्या कानाशी लागले, निरुपयोगी कशी, ती काढ म्हणावं आणि मग भिंतीखाली उभं राहून दाखव. ते जरा मोठ्यानं निघालं. पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला.

तुमचं ते काचेचं टेबल दाराशी होतं ना, नमुन्याच्या चिठ्ठ्या ठेवलेलं, चहाच्या वेळी बाबा तिथं गेले. सगळे लोक पुढं सरकत होते, हे एका जागी उभेच. मी गेलो तर म्हणाले, हे माझं नाव आहे. बघतो तर खरंच. तुझं अक्षर, उजव्या कोपऱ्यात पूर्ण नाव आणि नावावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ. त्यांनी मला विचारलं, ही रेघ कसली?

मला काय माहीत? मी म्हटलं, शब्द पास झाल्याची खूण असेल. ते बरं म्हणाले आणि चहा न घेता बाहेर जाऊन उभे राहिले.

मी सांगितलं ते बरोबर आहे ना? तू तसं लिही, म्हणजे मी त्यांना वाचून दाखवतो. खंडात नाव कुठं आहे तेही लिही. मी सभागृहात बरीच पानं उलटली. प्रत्येक शब्दापुढं सरांचा लेख, सरांचा लेख, असंच होतं. मला बघता आलं नसेल.

तुझा,
दादा


ता. २६ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

तुला बघता आलं होतं. नाव कुठंच नाही.

ज्या नियमाची मला कल्पना नव्हती तो मला सप्टेंबरात कळला. शब्दाला छापील पुरावा मिळाला की तोंडी पुरावा काढून टाकायचा. सरांचा लेख छापून आला, त्यात बाबांचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. मी सरांच्या खोलीत जाऊन विचारलं. ते अगदी शांतपणे म्हणाले, एका माणसासाठी नियम वाकवला तर कोश उभा राहत नाही, आणि तुझ्या वडिलांना शब्द टिकायला हवा आहे की नाव? मला तेव्हा ते पटलं, दादा. फसवली गेले असं लिहिलं तर सोपं जाईल, पण मला ते खरोखर पटलं होतं. मी स्वतःला म्हटलं, शब्द टिकला म्हणजे बाबाच टिकले.

मग चिठ्ठ्या साफ करायचं काम माझ्याकडेच आलं. दोन दुपारी लागल्या. एकसष्ट वेळा बाबांचं नाव मी लाल शाईनं खोडलं, पट्टी लावून, म्हणजे रेघ सरळ यावी. सरांनी नीटनेटकेपणाबद्दल माझं कौतुक केलं. म्हणून तर ती चिठ्ठी नमुना म्हणून काचेखाली गेली.

टेबल मीच मांडलं होतं. बाबा येणार हे मला माहीत होतं. तरी ती चिठ्ठी मी काढली नाही, कारण मनात म्हटलं, बाबांना कुठं वाचता येतं. त्यांना जगात एकच शब्द वाचता येतो आणि तो त्यांना मी शिकवला होता, हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. सरांनी नाव गाळलं. पण हे जे मी केलं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी सरांना म्हटलं, निदान कपचीचा अर्थ तरी शुद्धिपत्रात दुरुस्त करू. ते म्हणाले, छापील पुरावा आण. पुढच्या खंडासाठी आणखी शब्द मिळतील का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. राजीनामा लिहून खणात ठेवला आहे.

लोभाबद्दल काही मागत नाही.

तुझी,
बारकी


ता. ५ जानेवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर अर्ध्यावर आलो तेव्हा बाबांनी हात वर केला आणि पुरे म्हणाले. रेघ कसली ते त्यांना तिथंच कळलं होतं. चाळीस वर्षं गेरू हातात धरलाय, त्यांना कोण फसवणार. मी पास झाल्याची खूण म्हणालो, ते त्यांनी माझ्यासाठी ऐकून घेतलं. कामावर सगळ्यांना मात्र तेच सांगितलंय, नावावर लाल रेघ आली म्हणजे पास झालं. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

राजीनामा देऊ नकोस असा त्यांचा निरोप आहे. नियम असेल तर पोरीनं काय करायचं, मीही दगड टाकून देतोच, असं म्हणाले. टाकलेल्या दगडाला काय वाटत असेल हे काही कधी मनात आलं नव्हतं, असंही म्हणाले, पण ते हसत.

आई तुझ्यावर रागावली आहे, तरी तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. माझा राग किती आहे ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की लिहीन.

एक गोष्ट लिहू नये असं वाटत होतं, पण तू काही गाळू नकोस म्हणालीस. बाबा आता कामावर शब्द उच्चारत नाहीत. हवं ते बोटानं दाखवतात, ते दे, ते नाही, पलीकडचं. आणि सोमवारपासून हजेरीपटावर सही करत नाहीत, अंगठा देतात. मुकादमानं विचारलं, हाताला काही लागलंय का. बाबा हो म्हणाले.

तुझा,
दादा