चौदा तारखेपर्यंत गप्प

रविवार, २ मार्च

कुणाला सांगायचं नाही! चौदा तारखेपर्यंत ब्र काढायचा नाही. मुलाने निघताना चपला घालता घालता बजावलं, फाटकापाशी जाऊन परत वळून बजावलं. "आई, तुझं तोंड म्हणजे रेडिओ. तुला सांगतोय हीच माझी चूक." मी म्हटलं, अरे, मी काय कुकुलं बाळ आहे? तर हसला मेला.

म्हणून वहीला सांगते. ही वही नातीने दिली. "आजी, तू एवढं बोलतेस, थोडं लिही पण." मी शिकलेली दुसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की पेन थबकतं, पण आज थांबत नाही.

तर — घर विकायचं ठरलं, चौदाला सही! एका मोठ्या पार्टीला इथे नदीकाठी हॉटेल बांधायचंय. मोठ्या रस्त्यावरून नदीपर्यंत गाडी आणायची तर ती माझ्याच अंगणातून येते, दुसरी वाटच नाही. म्हणून दलाल म्हणाला, "आजी, आधी तुमची जागा. बाकीच्यांशी नंतर बोलू. बोभाटा झाला की पार्टी पळते."

मुलाने शहरात मोठं घर इसार देऊन ताब्यातसुद्धा घेतलंय, उरलेले पैसे यातून द्यायचे; आणि त्यात मला खोली. माझी स्वतःची! लहानपणी बहिणींच्यात झोपले, मग सासूच्या पायथ्याशी, मग जन्मभर ह्यांचं घोरणं. हे गेल्यावर अख्खं घर माझं झालं, पण रिकामं घर म्हणजे काही खोली नव्हे. नातीची खोली माझ्या खोलीला लागून. फोनवर म्हणाली, "आजी, तुझ्या भिंतीला पिवळा रंग सांगितलाय." मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले.

सोमवार, ३ मार्च

आज कुणाशी बोलले नाही. म्हणजे बोलले, पण *त्याबद्दल* नाही.

मंगळवार, ४ मार्च

वाचले! थोडक्यात वाचले.

शिंपीण आणि मी रोज संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसतो. ती माझी सगळ्यात जुनी मैत्रीण, माझं पोलकं काय नि गुपित काय, तिनेच शिवायचं. मी म्हटलं, "अगं, एक गंमत सांगू?" जिभेच्या टोकावर आलं होतं! मग घाईने म्हटलं, "माझी कोंबडी आज अंड्यावर बसली." शिंपीण म्हणाली, "हं." एवढंच. एरवी हिने त्या कोंबडीचं सात पिढ्यांचं कूळ काढलं असतं. नदीकडे बघत बसली आणि लवकर उठून गेली. माझं तोंड बघून ओळखलं की काय?

हे काही खरं नाही. अजून दहा दिवस! एक युक्ती सुचली आहे.

बुधवार, ५ मार्च

सकाळी गालाला फडकं गुंडाळलं, डोक्यावर गाठ मारली, ओट्यावर कण्हत बसले. दाढ दुखते! दाढ दुखणाऱ्या बाईला कोण बोलायला लावतंय?

छान चाललंय. होडीवाला लवंगेचं तेल ठेवून गेला. "मावशी, बोलू नका, नुसतं लावा." दुकानदार म्हणाला, "आज वस्तीत फार शांत वाटतंय." मी त्याच्याकडे डोळे वटारले.

पण बोलायचं बंद केलं की दिसायला लागतं, हे मला या वयात कळलं. होडीवाला तेल देऊन पळाला — हा माणूस एरवी फुकटची हवापाण्याची बातमी दिल्याशिवाय हलत नाही. दुकानदार वजन करताना मान वर करत नव्हता. नदीकाठच्या घरांची सगळी ओळच तोंड आवळून बसल्यासारखी.

शेजारच्या मास्तरांच्या घरावर 'विकणे आहे' ही पाटी वर्षभर आहे. आज दलालाने तिथे एक बाई आणली. दवाखान्यात नवी नर्स आलीय, तीच. पोटुशी आहे, सातवा असावा. बरोबर कुणी नव्हतं. आमच्या मधल्या भिंतीवर तिने हात ठेवून पाहिला, माणूस पाठीवर ठेवतो तसा.

शुक्रवार, ७ मार्च

आज माझी फजिती! हसू की रडू.

दुपारी नर्सबाई दारात. "आजी, दाढ दुखतेय म्हणे? बघू." मी मान हलवते, हात हलवते, ती कुठली ऐकतेय! फडकं सोडलं, बॅटरी काढली, "आ करा." आ केला. बराच वेळ बघत राहिली.

"आजी, कुठल्या बाजूला दुखतंय?"

मी बोट दाखवलं.

"या बाजूला तर दातच नाही."

मेले मी! फडकं बांधताना एवढंही बघितलं नव्हतं. मी पुटपुटले, "हिरडी... हिरडी." ती हसली. फडकं तिने पुन्हा नीट बांधून दिलं — माझ्यापेक्षा सफाईने! — आणि म्हणाली, "आजी, मुलाशी भांडण झालं की माझी आईपण असंच डोकं बांधून बसायची. मी नाही सांगणार कुणाला."

मग बसली माझ्याजवळ. मी गप्प, म्हणून ती बोलत गेली. नवरा गेला सोडून, त्याचं तिने दोन वाक्यांत उरकलं. माहेरी भावाचा संसार. होतं-नव्हतं ते सगळं मोडून हे घर घेतेय. "दुसरीकडे स्वस्तात मिळत होतं, आजी. पण माझी रात्रपाळी असते. बाळ झोपवून बाई ठेवीन, पण ती बाई नीट बघतेय ना हे कळायला शेजार हवा. दलालभाऊ म्हणाले, शेजारी आजी आहेत, वस्तीची आई आहेत, कुठे जायच्या नाहीत. म्हणून हे घर."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ती म्हणाली, "फार ठणकतंय का हो?"

शनिवार, ८ मार्च

नातीचा फोन. रंग लावून झाला. पिवळा छान आलाय म्हणे.

सोमवार, १० मार्च

दलाल आला होता, चौदा तारखेला किती वाजता गाडी येईल ते सांगायला. फडकं बघून खूश! "शाब्बास आजी, अशी अक्कल बाकीच्यांना असती तर!"

बाकीच्यांना? मी फडकं खाली ओढलं. "बाकीचे कोण रे?"

त्याने जीभ चावली, पण मग म्हणाला, आता काय लपवायचं. शिंपिणीचं घर. होडीवाल्याचं. दुकानदाराचं. सगळी ओळ! प्रत्येकाला म्हणाला होता — आधी तुमची जागा, बाकीच्यांशी नंतर बोलू. सगळ्यांनी इसार घेतलाय. शुक्रवारी सगळे एकाच गाडीतून सह्या करायला जाणार. म्हणजे आठवडाभर ही अख्खी वस्ती तोंडाला कुलूप लावून बसली होती, आणि फडकं तेवढं मी एकटीनेच बांधलं!

मला हसू फुटणार होतं. मग विचारलं, "आणि मास्तरांचं?"

"ते नको पार्टीला. खोलगट आहे, भराव घालावा लागेल. म्हणून तर त्याला गिऱ्हाईक शोधलं."

"मग नर्सबाई?"

"तिला घर मिळालं की."

"आणि बाजूला?"

"तुमच्या जागी? गाड्यांचा रस्ता. आणि त्या भिंतीला लागून जनरेटर." जाताना गालावर बोट ठेवून हसला. "फडकं बांधा आजी. वारं लागेल."

मंगळवार, ११ मार्च

आधी मास्तरांकडे गेले. म्हटलं, पोटुशी पोर आहे, एकटी आहे, तिला सांगा तरी. मास्तर पुस्तकं बांधत होते. "वहिनी, तिने घर पाहिलं, पसंत केलं. मी काय तिच्या गळ्यात मारलं? माझ्या मुलीकडे कधीचं जायचंय मला. वर्षभर पाटी लावून बसलो, तुम्ही आणलंत का एक तरी गिऱ्हाईक?"

शिंपिणीकडे गेले. तिने मशीन थांबवलं नाही. मी म्हटलं, तू मला सांगितलं नाहीस! ती म्हणाली, "तू सांगितलंस?"

खरंच की.

मग मशीन थांबवून म्हणाली, "हे बघ. माझे डोळे गेले. सुईत दोरा जात नाही. हा पैसा आला की हे मशीन मी उचलून नदीत टाकणार आहे. आणि तू मध्ये तोंड घालशील ना, तर लक्षात ठेव. ती तुझी कोण लागते? तुझी सून आहे? लेक आहे?"

घरी येऊन दोन वेळा भात करपवला.

बुधवार, १२ मार्च

सांगितलं!

दवाखान्यात गेले. ती इंजेक्शनांचा ट्रे पुसत होती. फडकं घरीच ठेवलं होतं. सगळं सांगितलं — हॉटेल, रस्ता, जनरेटर, मी जाणार, सगळे जाणार. एका दमात. कधी नव्हे ते मध्ये दुसरा विषय नाही काढला.

ती ट्रे पुसतच राहिली. मग म्हणाली, "आजी, काल खरेदीखत झालं. पैसे देऊन टाकले."

कालच! काल मी मास्तर-शिंपीण करत फिरत होते, तेवढ्यात झालं. शुक्रवारी फडकं सोडलं होतं तिने माझं. तेव्हा बोलले असते तर?

"तुम्ही कशाला रडताय," ती म्हणाली. "बसा. बी.पी. बघू."

गुरुवार, १३ मार्च

मुलगा आला, नातीला घेऊन. नातीने खोलीचा फोटो दाखवला. पिवळ्या भिंतीवर माझ्यासाठी एक खुंटी पण मारलीय — "तुझी पिशवी लटकवायला, आजी, नाहीतर तू दाराला अडकवतेस." किती शहाणी पोर! माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीय आत्ता. पाय मुंग्या येऊन मेलाय, पण हलवत नाही.

मुलाला अजून काही बोलले नाही.

शुक्रवार, १४ मार्च

गाडीत सगळे नवे कपडे घालून. होडीवाल्याला बुटात बघितलं, ओळखूच येईना. आता लपवायचं काही नव्हतं म्हणून गाडीत नुसता कल्ला. कुणी कौलांचं घर घेणार, कुणी दुकान. मी एकटीच गप्प. शिंपीण माझ्याकडे सारखी बघत होती.

रजिस्टर ऑफिसात पंखा कटकट वाजत होता. पार्टीचा साहेब तरुण, बोलायला गोड. आधी माझी सही, मग बाकीच्यांच्या. पेन हातात दिलं. मी म्हटलं, "साहेब, सगळी ओळ घेताय. मास्तरांचं होतं ते घरपण घ्या. नर्सबाईने दिले तेवढ्याच पैशात."

"ते आमच्या प्लॅनमध्ये नाही, आजी."

"मग प्लॅनमध्ये घाला. मी भाजी घेते तेव्हा अख्खी जुडी घेते, चार काड्या मागे ठेवून येत नाही."

साहेब हसला. दलाल नाही हसला. "आजी, दाढ दुखत होती तेच बरं होतं."

मुलगा कानाशी आला. "आई, काय चाललंय? सही कर."

"करते की. ते घर घेऊ देत, लगेच करते."

मग जे सुरू झालं! दुकानदार म्हणाला, म्हातारीला चळ लागलाय. होडीवाला म्हणाला, "मावशी, पाया पडतो," आणि खरंच वाकला, त्या नव्या बुटांत. शिंपिणीने तोंड खिडकीकडे फिरवलं. ते सगळ्यात लागलं.

खरं लिहू? पेन टेकवलं होतं कागदावर. पिवळी भिंत डोळ्यांसमोर होती. एक टिंब उमटलंसुद्धा. मग पेन खाली ठेवलं.

साहेब म्हणाला, मालकांना विचारून कळवतो. वाईट वाटलं असं दिसलं नाही. चहा पाजला सगळ्यांना. कुणी प्यायलं नाही, मी प्याले.

शनिवार, १५ मार्च

मुलगा सकाळीच गेला. दारात म्हणाला, "परक्या बाईसाठी, आई?" नात गाडीच्या मागच्या काचेतून हात हलवत होती, तर मुलगा तिला म्हणाला, हात खाली कर.

मंगळवार, १८ मार्च

दुकानदाराने साखर दिली, पैसे घेतले. बोलला नाही. होडीवाला पलीकडच्या काठाला गेला, मला बघून रिकामी होडी नेली. मी कोंबडीशी बोलतेय. ती तरी ऐकते.

नर्सबाई राहायला आली. सामान ते काय, दोन पेट्या आणि एक पाळणा. मी पाणी घेऊन गेले. ती म्हणाली, "तुम्ही असं करायला नको होतं, आजी. आता हे सगळे माझ्याकडे कसे बघतात बघा." खरंच होतं तिचं. मी तांब्या ठेवून परत आले.

बुधवार, २६ मार्च

पलीकडच्या काठावर मोजणी सुरू झाली. पार्टीने तिकडची जागा घेतली. लाल-पांढऱ्या काठ्या रोवलेल्या इथून दिसतात. सगळी वस्ती घाटावर उभी राहून बघत होती. मी गेले तशी बाजूची माणसं सरकली. शिंपीणसुद्धा.

नर्सबाई रात्रपाळी करून आली, पिशवी खांद्यावर तशीच, आणि माझ्याजवळ येऊन थांबली.

"तिकडे हॉटेल होणार?"

"हो."

"मग संध्याकाळी दिवे छान दिसतील आपल्याला," ती म्हणाली.