समोरच्या गॅरेजातला ग्राइंडर

एस्पान्योला,
ईस्टरनंतरचा मंगळवार

तीर्थरूप कोर्देलियाताईस,

धाकट्या एलिसेओचा, हाताचं ग्रीस जमेल तितकं पुसून केलेला नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? दाजींच्या मेंढ्यांची कातरणी झाली का, की तुमच्या अलामोसात अजून बर्फच आहे? (इथे जर्दाळू फुलले आणि लगेच दंवाने करपले, दरवर्षीचंच रडगाणं.) ओर्लिंदा मजेत आहे. तिने तुझ्यासाठी लाल मिरचीची पूड बांधून ठेवली आहे. मीही बरा आहे. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तसं धरून चाल.

तू ईस्टरला आली नाहीस, तेव्हा इथे काय घडलं ते माझ्याच तोंडून कळलेलं बरं. (बर्निताचा फोन आला असेल तर त्यातलं निम्मं सोडून दे. समोरच्या डेल्फिनोची बायको ती, नवऱ्याचीच बाजू घेणार. तोच डेल्फिनो, जो लहानपणी आपल्या अंगणात शिरून जर्दाळू चोरायचा आणि वर आईकडून शाबासकी घ्यायचा.)

माझी चौसष्ट सालची इम्पाला गाडी तुला ठाऊक आहे. म्हणजे तू तिला कायम ताडपत्रीखालीच पाहिलीस. जमिनीला पोट टेकवून मिरवणारी, बटण दाबलं की घोडीसारखी पुढून उसळणारी गाडी स्वतःच्या हातांनी घडवायची, या गावात जन्मलेल्या माणसाला याहून दुसरं काय हवं असतं? मी पत्रा ठोकला, लांबी भरली, घासली, परत भरली. सगळं जमत आलं होतं, फक्त डावीकडच्या दाराने माझा जीव खाल्ला. ते लागलं की उघडत नसे, आणि उघडलं की लागत नसे. बिजागऱ्या बदलल्या, वायसर घातले, वायसर काढले, संत अंतोनीला मेणबत्ती लावली. शेवटी अशी वेळ आली, की मी गॅरेजात जायचो, बादली उपडी घालून तीवर बसायचो, दाराकडे बघायचो आणि जेवायच्या वेळी घरात यायचो. ओर्लिंदा विचारायची, आज काय केलंस? मी म्हणायचो, मोजमाप.

हेही एक वेळ चाललं असतं. पण डेल्फिनोने माझं बघून तीच गाडी घेतली होती, तेच मॉडेल, तेच साल, आणि त्याच्या गॅरेजातून दिवसभर ग्राइंडरचा आवाज यायचा. घर्रर्र! मी बादलीवर, आणि समोर घर्रर्र! प्रत्येक घरघरीला माझ्या डोळ्यांपुढे त्याची गाडी पुढे सरकायची: आता बोनेट झालं, आता डिकी झाली, आता पठ्ठ्या बंपरमध्ये तोंड बघून मिशी विंचरतोय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. चर्चमध्ये पाद्री म्हणाले, शेजाऱ्यावर प्रेम करा, तर मला वाटलं यांना डेल्फिनोनेच पढवून पाठवलंय.

मग एका शनिवारी गाडी उसळवणाऱ्या हायड्रॉलिकची नळी फुटली आणि सगळं तेल माझ्या तोंडावर आलं. नेमकं त्याच क्षणी समोर घर्रर्र! मी हातातला पान्हा भिरकावला. तो कुठे लागावा? पुढच्या काचेला. कोऱ्या काचेला, ताई, जिच्यावरचा कागदसुद्धा मी काढला नव्हता. आवाज ऐकून ओर्लिंदा पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. काचेकडे तिने पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

“एलिसेओ,” ती म्हणाली, “लोक ईस्टरच्या आधी उपास धरतात, मटण सोडतात. तू गाडी सोड.”

आणि तिने गॅरेजला कुलूप ठोकून किल्ली पिठाच्या डब्यात टाकली.

खोटं कशाला सांगू, सुरुवातीचे दिवस छान गेले. मी झोपलो. गळका नळ दुरुस्त केला. बायकोशी बोललो (ती म्हणाली, तुझा आवाज विसरलेच होते). पण हात उपाशी ठेवता येतात, कानांचं काय करायचं? समोरची घरघर चालूच. अखेर राहवलं नाही. ओर्लिंदाने केलेल्या, भोपळ्याचं सारण भरलेल्या एम्पानादा ताटलीत घेतल्या आणि शेजारधर्माचं निमित्त करून, खरं तर जखमेवर मीठ चोळून घ्यायलाच, रस्ता ओलांडला.

गॅरेजचं दार ढकललं आणि बघतच राहिलो. ग्राइंडर शिकंज्यात आवळलेला, आपला आपण फिरतोय. समोर डेल्फिनो उपड्या बादलीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतोय. गाडीचा नुसता सांगाडा, त्यावर कोळ्याची जाळी. दारं भिंतीला टेकवलेली. सांगण्यासारखं एकच, लोखंडी घोडीवर टांगलेलं इंजिन, ते मात्र आरशासारखं लख्ख.

“हे काय रे?” मी ओरडलो.

त्याने उठून ग्राइंडर बंद केला. “आवाज थांबला असता, तर तू म्हणाला असतास डेल्फिनो हरला.”

“कधीपासून चाललंय?”

“तुझा पत्रा बघून आलो ना, तेव्हापासून. मग मला माझा बघवेना. त्यात बर्निता उठता-बसता म्हणते, त्या एलिसेओकडे बघ, गुपचूप बसून किती बारीक काम करतो.”

ताई, तो माझ्या बादलीवर जळत होता! इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. मी दुसरी बादली ओढली, दोघांनी मिळून ताटली रिकामी केली, आणि बऱ्याच दिवसांनी पोटात दुखायचं थांबलं.

त्याचं इंजिन माझ्या गाडीत घालायची कल्पना माझी. (तो त्याची म्हणेल.) ओर्लिंदाला मी पटवलं, की व्रत माझ्या गाडीचं होतं, दोघांच्या गाडीचं नव्हे. “दोघांची मिळून एक होत असेल, तर निदान एक नवरा तरी परत मिळेल,” म्हणत तिने डब्यातून किल्ली काढली. काच त्याची बसवली. डावं दारही त्याचंच लावून पाहिलं, तर पहिल्या झटक्यात बसलं. मला रडू आलं आणि पाठोपाठ रागही आला. रंगावरून आम्ही एकमेकांशी अबोला धरला, तेव्हा बायकांनी परस्पर पिकल्या वांग्याचा रंग ठरवून टाकला.

ईस्टरच्या सकाळी गावात सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक आणि स्पर्धा, तेव्हा प्रश्न आला, चालवणार कोण. तो म्हणाला, इंजिन म्हणजे काळीज. मी म्हणालो, अंगावर कातडी नसेल तर काळजाला कोण विचारतं? चर्चचे कपडे घालून आम्ही रस्त्यात किल्लीची ओढाओढ करत होतो. ओर्लिंदाने शांतपणे ती आमच्या हातून काढून घेतली आणि चाकामागे बसली. शेजारी बर्निता. “यायचं असेल तर मागे बसा.”

बसलो. काय करतो? साऱ्या गावासमोरून गाडी वांग्यासारखी चकाकत निघाली, लोक हात हलवत होते, ते पुढच्या सीटकडे बघून. चौकात बर्निताने बटण दाबलं आणि आमची दोन्ही डोकी एकदमच छताला आपटली. सर्वांत देखण्या गाडीची ढाल ओर्लिंदा आणि बर्निता या दोघींच्या नावाने पुकारली गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. डेल्फिनो दात आवळून वाजवत होता, मीही. मी आणि तो पहिल्यांदाच एकाच जागी जळत होतो, आणि त्यात फार सोबत वाटली, ताई.

असो. आता गाडीचं वेड संपलं. मन निवलं. फुलझाडं लावीन म्हणतो. दाजींना नमस्कार, गुडघ्याला शेक दे.

तुझा,
एलिसेओ

ता. क. शेवटचा परिच्छेद ओर्लिंदाने वाचावा म्हणून लिहिला आहे. माझं जुनं इंजिन आणि डेल्फिनोचा सांगाडा उरला आहे. त्याने तो भंगारात टाकायला काढला, मी म्हटलं, मीच टाकून येतो. शनिवारी ट्रेलरवर घालून तुझ्याकडे आणतो. तुमच्या मागच्या कोठारात एक कोपरा दे. या खेपेला चाकामागे मीच बसणार.

ता. क. २. डेल्फिनोच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात तो स्वतःच येऊन बसला. माझं जुनं इंजिन “उगाच धूळ खातंय”, तेही भंगारात नेऊन टाकू का म्हणाला, आणि मग छताकडे बघत त्याने सहज विचारलं, “तुझ्या ताईचं ते मागचं कोठार रिकामंच असतं ना रे?” ताई, त्याचा फोन आला तर सांग, कोठार वाऱ्याने पडलं. मी शनिवारी नाही, उद्याच निघतो.