नावं संपेपर्यंत

सुरत,
४ फेब्रुवारी १९९६

ती. उज्ज्वलाताईंना,
शकुंतलेचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. शाळेत चाचणीचे पेपर आणि घरी तुमच्या बंधुराजांची सर्दी, दोन्ही एकदम आलं. पेपर संपले, सर्दी अजून आहे. बँकेतून आले की मफलर गुंडाळून बसतात आणि मला हाक मारतात. मानसी मजेत. आता ती माझ्याशीही गुजरातीत बोलते. कालच्या भाजीला मीठ कमी पडलं तर ‘चालशे’ म्हणाली. तुमची भाची म्हणून ऐकून घेतलं.

आता खरी बातमी. आमच्या महिला मंडळाने यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला जोडून एक मोठा कार्यक्रम ठरवलाय. सिनेमा आणि टीव्हीत काम करणाऱ्या बायकांचा महोत्सव. शनिवार-रविवार मंडळाच्या हॉलमध्ये कॅसेटवर सिनेमे, आणि रविवारी, ३१ मार्चला, सत्कार. अध्यक्ष प्रमिलाबाईंच्या डोक्यात एखादी नटी होती. नट्यांना पत्रं गेली, उत्तर एकीचंही आलं नाही. तेव्हा मी म्हटलं, माझ्या नणंदबाई कोल्हापुरात तेवीस वर्षं सिनेमाचे कपडे करतात, त्यांना बोलवा. प्रमिलाबाईंनी विचारलं, नाव येतं का हो त्यांचं पडद्यावर? मी ताठ मानेने सांगितलं, येतं, शेवटी येतं.

आता आमच्या सुरतेची गंमत ऐका. इथे शेवटची नावं कुणी पाहिलेलीच नाहीत. नायक-नायिका भेटले की लोक चपला शोधायला लागतात. आणि आमचा केबलवाला योगराज तर नावं सुरू झाली की कडोदऱ्याच्या साडीमिलची जाहिरात लावतो. म्हणून मी ठरवलंय, तुमचा तो जत्रेचा सिनेमा लावायचा आणि नावं संपेपर्यंत हॉलचं दार बंद. तुमचं नाव सगळ्या सुरतेने वाचलं पाहिजे.

नाही म्हणायचं नाही. तुमचा लोभ आमच्यावर आहे तो असाच राहू द्या, आणि येताना तिथला कांदा-लसूण मसाला आणा.

तुमची,
शकुंतला


कोल्हापूर,
१४ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. शकुंतला हिला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग दोनदा वाचलं. माझा सत्कार! मला शाल देणार की माझ्याकडूनच शिवून घेणार? श्रीकांतच्या सर्दीला ओव्याची पुरचुंडी शेकायला दे. लहानपणापासून त्याचं नाक म्हणजे माघ महिन्याचं पंचांग आहे.

येईन म्हणते, पण गुडघा कुरकुरतोय. शिवाय हे नावाचं कशाला काढलंस? त्या सिनेमाच्या कॅसेटचा शेवट खराब आहे म्हणतात, नुसत्या रेघा येतात. आणि लोकांना कोंडून ठेवू नये गं, कुणाचं मूल घरी रडत असेल. सिनेमा दाखवायचाच तर जत्रेतला प्रसंग दाखव. त्यात वीस बायका नऊवारीत धावत येतात. ती लुगडी मी चार दिवसांत जुळवली होती. पहिल्या दिवशी पदर एका बाजूने आणि दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने घेतला, तर पडद्यावर लगेच कळतं. म्हणून मी पदराच्या सुलट बाजूला, कोपऱ्यात, तांबड्या दोऱ्याचे तीन टाके घालते. नेसवणारीने टाके वर आहेत ना, एवढंच बघायचं. किसनमास्तर म्हणतात, उज्ज्वलाबाई, तुमचे टाके म्हणजे देवाला ठेवलेली खूण. मास्तर माणूस चांगला. ह्यांच्या मागे मला त्यांनीच मशीनवर बसवलं.

तेव्हा नावांचं राहू दे. माझं ऐक.

घरात सर्वांना आशीर्वाद. माझी आठवण काढता ती अशीच काढत जा.

तुझी,
उज्ज्वलाताई


सुरत,
२५ फेब्रुवारी १९९६

ती. उज्ज्वलाताईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याची चौकशी नंतर करते. आधी हे सांगते की कॅसेटचा शेवट अगदी स्वच्छ आहे. योगराज स्वतः येऊन सांगून गेला. नावं मी मुद्दामच पाहिली नाहीत. म्हटलं, हॉलमध्ये सगळ्यांबरोबरच बघावीत.

पत्रिका छापून आल्या. खाली ठळक अक्षरांत आहे: ‘नामावली संपेपर्यंत कोणीही उठू नये, ही विनंती.’ हे वाक्य माझं. प्रमिलाबाई म्हणाल्या, लग्नपत्रिकेत आहेर आणू नये म्हणतात तसं दिसतंय. दिसू दे. तुमच्या बंधुराजांनी वीस पत्रिका बँकेत वाटल्या. मॅनेजरला म्हणाले, पडद्यावर माझ्या बहिणीचं नाव येईल तेव्हा टाळी जोरात वाजवा. सर्दी एका दिवसात पळाली.

भेस्तानहून उषाबाई येणार आहेत. त्यांची चंचल माझ्या वर्गात आहे. नवरा मागावर, आणि ह्या घरी बसून साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, फॉल-पिको करतात. मूळच्या धुळ्याकडच्या. त्या दहा-बारा बायका घेऊन येणार, म्हणजे त्या दिवसाचं त्यांचं काम बुडणार. तुमच्या तीन टाक्यांचं सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले.

चौऱ्याण्णवला प्लेगच्या धास्तीने आम्ही तुमच्याकडे तीन आठवडे राहिलो, आठवतं ना? तेव्हा हाच सिनेमा टीव्हीवर लागला होता आणि मी विचारलं होतं, तुमचं नाव येतं का? तुम्ही हो म्हणालात आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेलात. मी पडद्याकडे वळले, तर वीज गेली. ते राहिलेलं नाव मला बघायचंय. गुडघ्याला तेल लावा आणि गाडीत बसा.

मुलीसारखा हट्ट करतेय, तसाच पुरवा.

तुमची,
शकुंतला


कोल्हापूर,
५ मार्च १९९६

चि. सौ. शकुंतला हिला आशीर्वाद.

हे पत्र तू एकटीने वाच. श्रीकांतला काय सांगायचं ते तू ठरव.

दूध उतू जात नव्हतं. गॅस पेटवलेलाच नव्हता.

सिनेमात माझं नाव नाही, शकू. त्या नाही आणि दुसऱ्या कुठल्याच नाही. ‘वेशभूषा’ म्हटलं की पुढे किसनमास्तरांचं नाव. मास्तरांना दोष देऊ नकोस. दुकान त्यांचं, निर्माते एकच नाव मागतात, ते स्वतःचं देतात. मी कधी मागितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही, असं तेवीस वर्षं चाललं. सुरुवातीला वाटायचं, विधवा बाईला काम मिळालं हेच खूप, नाव कशाला हवं?

मग तू त्या दिवशी इतक्या आशेने विचारलंस की माझ्या तोंडून हो निघून गेलं. तुम्ही घरदार सोडून धास्तावून आलेले, मानसी तापाने फणफणलेली, सगळे माझ्या आधाराला आलेले. तेव्हा तुमची ही ताई कुणीतरी आहे असं तुम्हाला वाटावं, असं मला वाटलं. नंतर खरं सांगायला धीर झाला नाही. खोट्याला फॉल लावला की ते आणखी दिवस टिकतं.

आता तू पत्रिका छापल्यास. श्रीकांतने बँकेत सांगितलं. भर हॉलमध्ये दार बंद करून सगळे माझं नाव शोधणार आणि ते येणार नाही. माझी लाज जाईल ती जाईल, पण श्रीकांतची मान खाली जायला नको. मी आजारी आहे असं कळव. गुडघा खरंच दुखतो, तेवढं तरी खोटं नाही.

रागावली असशील. राग गेला की दोन ओळी लिही. तोवर मी वाट बघेन.

तुझी,
उज्ज्वलाताई


सुरत,
१२ मार्च १९९६

ती. उज्ज्वलाताईंना,
शि. सा. न. वि. वि.

रागावले होते. पूर्ण एक दिवस. भात करपला, दोन मुलांना उगीच ओरडले. राग खोट्याचा नव्हता, तेवीस वर्षं मागितलं नाहीत त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी उषाबाई साडी द्यायला आल्या. माझा चेहरा बघून विचारलं, तेव्हा राहवलं नाही, सांगून टाकलं. मला वाटलं, बिचाऱ्या हिरमुसतील. त्या साडीची घडी करत राहिल्या आणि म्हणाल्या, “साडीवर बी मिलनंच नाव ऱ्हास बाई, आमनं कोठे ऱ्हास?” साडीवरही मिलचंच नाव राहतं, आमचं कुठे राहतं, एवढंच. मग विचारलं, ते तीन टाके पडद्यावर दिसतात का?

त्या संध्याकाळी आम्ही दोघी कॅसेट लावून बसलो. काय दिसलं ते लिहीत नाही.

तुमच्या बंधुराजांनाही सांगितलं. ते म्हणाले, ताईने माझ्या शाळेच्या चड्ड्या शिवल्या, त्यावर तरी कुठे नाव होतं? आणि पुन्हा शिंकायला लागले. सर्दी होती की काय होतं, मी विचारलं नाही.

तुम्ही यायचं. पत्रिकेतला एक शब्दही बदललेला नाही. मी काय करणार ते सांगणार नाही, तुम्ही मला दीड वर्ष फसवलंत, मी तुम्हाला तीन आठवडे फसवते. पण खोटं काही बोलायचं नाही, तुम्हीही आणि मीही. एवढा विश्वास तुमच्या भावजयीवर ठेवा.

तीस तारखेला, शनिवारी, स्टेशनवर हे येतील, मफलर बांधून.

तुमची,
शकुंतला


कोल्हापूर,
७ एप्रिल १९९६

चि. सौ. शकुंतला हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. आंब्याच्या डाळीचा डबा गाडीतच संपला, शेजारच्या बाईंनी कृती लिहून घेतली. शाल इतकी झुळझुळीत आहे की वापरायला जीव होत नाही.

तू टेपजवळ होतीस, लोकांकडे तुझी पाठ होती. तुला जे दिसलं नाही ते सांगते. मी स्टेजवर खुर्चीत होते, मला सगळं दिसत होतं. सिनेमा संपला आणि नावं सुरू झाली. सवयीने चार जणी उठल्या. उषाबाईंनी नुसतं वळून पाहिलं, त्या बसल्या. ‘वेशभूषा’ आलं, पुढे मास्तरांचं नाव, आणि तू तिथेच बटण दाबलंस. शकू, त्या वेळी मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. बँकेचे मॅनेजर टाळीसाठी हात वर करून तसेच राहिले. श्रीकांत पहिल्या रांगेत माझ्याकडे बघत होता आणि मान हलवत होता, घाबरू नकोस अशी.

मग तू टेप मागे नेलीस. त्या वीस बायकांतली पुढची पोरगी जत्रेतून धावते, पदर उडतो, आणि तिथे चित्र थांबलं. थरथरत होतं, पण कोपऱ्यात तीन तांबडे टाके होते. इतक्या वर्षांत मी स्वतः ते पडद्यावर पाहिले नव्हते. माझं लक्ष नेहमी पदर सरळ आहे ना, यातच. तू मागे न वळता सांगितलंस की नाव किसनमास्तरांचं आहे आणि हे टाके यांचे आहेत. हॉलमधल्या साडीकाम करणाऱ्या बायका पुढे सरकल्या. एकीने तर पडद्याजवळ जाऊन बोट लावलं. दोरा दुहेरी आहे, असं तिने मागे वळून सांगितलं. दुहेरीच असतो.

टाळ्या त्यानंतर झाल्या, ते तू ऐकलंस. हळदीकुंकू लावून झाल्यावर नाव घ्यायची वेळ आली. मी उठून मागे जायला निघाले होते. ह्यांच्या मागे पंचवीस वर्षांत मला नाव घे म्हणून कुणी म्हटलेलं नाही, आणि मी तिथून आपणहून बाजूला होते. उषाबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, आज नवऱ्याचं नको, जिनं तिनं आपलं घ्यावं. प्रमिलाबाई काय म्हणतील असं मला वाटलं. पण उषाबाईंनी घेऊनही टाकलं:

साडीवर छाप मिलना, खोकावर बी मिलनं नाव;
टाका उषाबाईना, भेस्तान मन्हं गाव.

आणि मग प्रमिलाबाई उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं हळदीकुंकवात पहिलं नाव त्यांचं. पण स्वतःच्या नावाला यमक सुचेना. ओठ दोनदा हलले. शेवटी नुसतं ‘प्रमिला’ म्हणाल्या आणि लाजून बसल्या. मला सगळ्यांत तेच आवडलं.

माझी पाळी आली तेव्हा मी नुसते हात जोडले. तू सांभाळून घेतलंस.

इथे आल्यावर गुरुवारी मास्तरांकडे गेले. जूनमध्ये नवी मालिका सुरू होतेय. कापड मोजून झाल्यावर मी सांगितलं, या वेळी माझं नाव घालायचं. मास्तर हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, तेवीस वर्षांत कधी बोलला नाहीत. मी म्हटलं, तुम्हीही विचारलं नाहीत. त्यांनी चष्मा लावला, यादीचा कागद काढला आणि विचारलं, पूर्ण नाव कसं लिहू, मध्ये ह्यांचं घालायचं का? मी म्हटलं, घाला, तेही माझ्यासारखेच आयुष्यभर नावाशिवाय राबले. मास्तरांनी लिहिलं. खाली त्यांचं होतं, वर माझं लिहिलं. आता निर्माता ठेवतो की काढतो, कोण जाणे. पण कागदावर लिहिलेलं मी पाहिलं.

योगराजला माझा निरोप दे की जूनमध्ये मिलची जाहिरात दोन मिनिटं उशिरा लाव. श्रीकांतला आशीर्वाद, मानसीला पापा. गाडीत वापी गेल्यावर कुठेतरी मला माझं नाव सुचलं. स्टेजवर राहिलं होतं ते इथे घेते. उषाबाईंनाही वाचून दाखव.

पदराला तीन टाके, उलटसुलट होऊ नये;
उज्ज्वलाचं नाव येईस्तोवर जागचं कुणी उठू नये.

तुझी,
उज्ज्वलाताई