आप्पांची दुनळी

आप्पा,

आज सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन सही करून आले. तुमची दुनळी बंदूक सरकारजमा झाली. आता ती कापतील आणि वितळवतील. तीन महिने मी तिला वाचवायला धडपडले. कलेक्टर कचेरीत हेलपाटे घातले, दोनदा एसटीने करमाळ्याला जाऊन आले, आणि शेवटी 'माझी हरकत नाही' अशा छापील कागदावर नाव लिहून दिलं. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पत्र लिहावंसं कधी वाटलं नाही. तुमची एक वस्तू कपाटात नाही तर ठाण्यात, पण कुठेतरी होती. आता ती कुठेच असणार नाही.

सुरुवात तुमच्या नातवामुळे झाली. तुम्ही त्याला पाहिलं नाही, तुमच्यामागून दोन वर्षांनी तो झाला. शिकून इंजिनियर झाला, कॅनडाला गेला, आणि तिथे मनासारखं काम मिळेना म्हणून एका लहान गावात शिकारीच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला. गळ, तंबू, बूट, आणि मागच्या भिंतीवर बंदुका. "आई, आजोबांच्या धंद्यात आलो बघ," असं म्हणून त्याने फोन फिरवून मला ती भिंत दाखवली. बहुतेक बंदुका एकावर एक नळ्या असलेल्या, नाही तर एकाच नळीतून पाच-पाच बार निघणाऱ्या. कोपऱ्यात मात्र तीन होत्या, शेजारी-शेजारी नळ्यांच्या, तुमच्या दुनळीसारख्या. मी म्हटलं, तीनच? तो म्हणाला, "तीन म्हणजे लई झाल्या. नवी पाहिजे तर मागवावी लागते, तुर्कस्तानातून येते. चांगली जुनी पाहिजे असेल तर कुणीतरी म्हातारा जायची वाट बघायची. तो गेला की पोरं आणून देतात. आणि आली की आठवडाभर टिकत नाही, लोकांनी आधीच नावं सांगून ठेवलेली असतात."

मला नवल वाटलं. आपल्याकडे दुनळी म्हणजे बँकेच्या वॉचमनच्या खांद्यावरची वस्तू. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. पाणथळीवरच्या बदकांच्या शिकारीला तिथे शिशाचे छर्रे चालत नाहीत, पोलादी लागतात, आणि जुन्या पातळ नळ्यांना ते सोसत नाहीत. म्हणून ही मंडळी दुनळी घेऊन झाडीत तित्तरासारख्या एका पाखरामागे दिवसभर चालतात. हलकी असते, हातात नीट तोलून राहते, दोन चाप असतात. पुढचा ओढला की छर्रे पसरून जातात, मागचा ओढला की लांबवर एकवटून जातात, आणि कुठला ओढायचा ते पाखरू उठल्यावर त्या क्षणी ठरवायचं. त्याच्याकडे एक म्हातारा गिऱ्हाईक येतो. त्याला याने विचारलं, पाच बारांची का घेत नाही? तर म्हणाला, पाच बार असले की माणूस बघायचं सोडतो, नुसता उडवत सुटतो. ऐकताना मला तुम्ही बोलताय असं वाटलं. मग नातवाने विचारलं, "आजोबांची आहे ना गं अजून? एक फोटो पाठव. त्या म्हाताऱ्याला सांगितलंय मी, माझ्या आजोबांनी स्वतःच्या हातांनी उभी केलेली आहे म्हणून."

आहे, म्हणाले मी.

नव्या पेठेच्या मागच्या बोळात शेठच्या बंदुकांच्या दुकानाला लागून तुमची दुरुस्तीची खोली होती. मी नऊ वर्षांची आहे, भाकरीचा डबा घेऊन येते, आणि उंबऱ्याशीच थांबते, कारण आत हात लावायची परवानगी नाही. एकदा लावला होता. भिंतीला टेकवलेली नळी गार लागते का ते बघायला. तुम्ही आवाज चढवला नाही. कापड तेलात बुडवून माझ्या पाच बोटांचे ठसे पुसलेत आणि म्हणालात, "घामाचा हात लागला की सा महिन्यांनी तितं बोट उमटतंय. लोखंड इसरत न्हाय, पोरी." त्यानंतर माझं काम एकच, वाचायचं. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि शेठ दरवेळी सांगायला रिकामे नसत. मी भिंग घेऊन नळ्यांच्या पोटाखालची बारीक अक्षरं लावायची. सातवीनंतर शाळा सुटली, पण इंग्रजी अक्षरं मी त्या नळ्यांवरच शिकले. एका नळीवर 'नॉट फॉर बॉल' असं होतं. मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं, हिच्याशी चेंडू खेळू नये असं लिहिलंय. 'बॉल' म्हणजे अखंड गोळी, हे तुम्हाला शेठकडून ठाऊक होतं; तुम्ही एवढे हसलात की शेठ आत डोकावले. पुढे मी वाचनालयातून आणून जे काही वाचलं, कोश उघडून, अडखळत, त्याची सुरुवात तिथली.

आणि तुमची ती परीक्षा. दुरुस्तीला आलेल्या दुनळीच्या नळ्या लाकडी दस्त्यापासून सोडवायच्या, एका बोटावर अधांतरी टांगायच्या आणि लाकडी मुठीने हलकेच टोला द्यायचा. दोन नळ्या एकमेकींना जोडणारा डाख पक्का असेल तर देवळातली घंटा वाजावी तशा वाजतात, कितीतरी वेळ. डाख कुठे सुटला असेल तर बद्द. गिऱ्हाईक काहीही सांगो, तुम्ही तो आवाज ऐकून ठरवायचा. शिकार बंद झाली, कामं कमी झाली, तेव्हा कुणा पेन्शनराच्या घरून मोडकी दुनळी तुम्ही घेतलीत, रीतसर लायसन काढलंत, आणि तीन वर्षं फावल्या वेळात तिला उभी केलीत. एक पाखरूसुद्धा मारलं नाहीत. आई म्हणायची, सवत आणली घरात. शेवटच्या दुखण्यात तुम्ही ती माझ्या मांडीवर ठेवलीत. "कुणाला माराया न्हाय ठिवली. वाजती म्हणून ठिवली. आता तू संबाळ."

सांभाळ म्हणालात, आणि मी सांभाळली ती आईच्या पद्धतीने. तेच लिहायला बसले आहे.

दसऱ्याला तुमचं आणि आईचं दरवर्षीचं भांडण. ती तबक घेऊन यायची. कानस, हातोडी, शेगडीचा भाता, सगळ्याला हळदकुंकू लावायची आणि दुनळीपाशी आली की तुम्ही आडवे व्हायचा. आई म्हणायची, "देवाला बी गंज चढतोय व्हय?" तुम्ही म्हणायचा, "देवाला न्हाय, नळीला चढतोय. तुझं कुंकू नारळाला लाव आणि नारळ हिच्याशेजारी ठिव. तिला पोचतंय." आई पुटपुटत नारळाला लावायची. तुम्ही गेलात त्या वर्षीच्या दसऱ्याला मी पाटावर दुनळी ठेवली, शेजारी नारळ ठेवला, आणि मला ते फार परकं वाटलं. नारळाला कशाला लावू? हे माझ्या बापाचे हात आहेत. मी बोटं पाण्यात बुडवली, हळद कालवली आणि दोन्ही नळ्यांवर चार-चार बोटं ओढली. वर कुंकू. डोळ्यांतलं पाणीही पडलं असेल. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसली आणि मीच शिवलेल्या खोळीत घालून ठेवली. खोळ आपल्या सोलापुरी चादरीची, जाड. तिला ऊब राहावी म्हणून, असं काहीतरी मनात होतं. पुढे दर दसऱ्याला तेच, त्याच जागी, तीच बोटं.

लायसन तुमच्या जावयांनी स्वतःच्या नावावर करून घेतलं. फक्त माझ्यासाठी. त्यांना बंदुकीची भीती वाटायची. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला रिक्षातून नेताना ती मांडीवर आडवी घेऊन असे बसायचे की जणू दुसऱ्याचं तान्हं मूल हातात दिलंय. सहा वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हा जी जमा झाली ती आणायची राहून गेली. ठाण्यात आहे म्हणजे बँकेतल्यापेक्षा सुरक्षित, असं मी धरून चालले. नातवाला फोटो हवा म्हणून गेले तेव्हा कळलं की वारसाने मागणी न केलेली हत्यारं आता नष्ट करणार आहेत.

मग मी स्वतःच्या नावाने अर्ज केला. कचेरीतला कारकून चांगला होता. "आजी, बंदूक कशाला पाहिजे?" म्हटलं, ठेवायला. "ठेवायला फ्रिज घ्या की. कुणापासून धोका?" नाही म्हटलं. "शेतात डुकरं येतात?" म्हटलं, मी तिसऱ्या मजल्यावर राहते, अजून तरी आली नाहीत. तो हसला, पेन खाली ठेवलं. "मग कारण काय लिहू?" मी म्हणाले, वडिलांची आहे असं लिहा. "असं कारण नसतंय आजी." महिन्याने अर्ज नामंजूर होऊन आला. त्यानेच सुचवलं, एखाद्या लायसनवाल्याला देऊन टाका, बंदूक तरी वाचेल.

असा माणूस मिळाला. करमाळ्याच्या पलीकडे, उजनीच्या पाण्याकाठी त्याची केळी आहेत आणि रानडुकरांनी तो बेजार आहे. "मावशी, मला दुनळीच पायजे. एक बार हवेत काढला आन् डुक्कर न्हाय हाललं तर दुसरा तयार. एकनळी भरस्तवर ते दात दावतंय." तुमच्याबद्दल सांगितलं तर म्हणाला, "बापाची वस्तू हाय, जिवापाड ठिवतो. कवाबी या, बघून जावा." मी परत येताना एसटीत खिडकीशी बसून हलकी झाले होते. ती वाजत राहील, कुणाच्या तरी घरी.

व्यवहाराआधी तपासणी लागते. ठाण्याचा शिपाई बंदूक घेऊन तुमच्याच दुकानात आला. शेठच्या नातवाने आता तिथे मिस्त्री ठेवला आहे, पन्नाशीचा. केळीवाला होता, मी होते. मिस्त्रीने खोळ सोडली, नळ्या सोडवल्या, आणि आप्पा, त्याने त्या बोटावर टांगल्या. तुमच्यासारख्याच. टोला दिला. पत्र्याचा डबा वाजावा तसा आवाज आला आणि लगेच मेला. त्याने पुन्हा दिला. मग भिंग घेतलं. नळ्यांवर रांगेने खड्डे होते, चार इकडे, चार तिकडे, आणि तिथून गंज मधल्या पट्टीखाली शिरून डाख सुटला होता. "उडवली तर फुटंल ही," तो केळीवाल्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मावशी, हिला पाणी कुणी लावलं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "ठाण्यात ओल असेल."

शिपायाला ते लागलं. "आमच्या खोलीचा पत्रा तापतोय मावशी, तितं पापड वाळतील. ओल कुटली?" मिस्त्री खोळ हातात घेऊन बघत होता. चादरीच्या आतल्या बाजूला पिवळं होतं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खोळ घडी करून ठेवली. दुरुस्ती होईल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ज्यानं उभी केली त्याला जमली असती कदाचित. नळीचं लोखंडच खाल्लंय, मी काय करू?" केळीवाल्याने माझ्यासाठीही चहा सांगितला, स्वतःचा उभ्यानेच प्यायला. "असू द्या मावशी. लोखंड हाय, जायाचंच," म्हणाला आणि गाडी गाठायला निघून गेला.

नातवाला मी फोनवर सांगितलं की आजोबांची बंदूक गंजून गेली, आता काही उपयोग नाही. "पोलिसांनीच वाट लावली ना?" तो म्हणाला. मी हो म्हणाले. तो फार चिडला. इथे म्हातारे लोक मुलासारख्या जपतात गं, म्हणाला. मग माझ्यासाठी हळहळला, एवढ्या वर्षांची तुझी आठवण, असं काय काय बोलला, आणि त्याचं ते बोलणं ऐकत बसायला मला बरं वाटलं. शिपायावर आळ घालून आले होते, तरीही बरं वाटलं. सही करताना आज तोच शिपाई होता. त्याने खुर्ची दिली, पंखा लावला.

हे पत्र मी नातवाच्या हाती पडू देणार नाही, आणि तुम्हाला ते पोचायचं नाही, म्हणूनच यात खरं लिहिता आलं. आज तुम्ही त्या खोलीत बसलेले असता, नळ्या बोटावर टांगून टोला दिला असता, आणि न चिडता नुसतं विचारलं असतंत, पोरी, पाणी कुणी लावलं, तर आप्पा, मी तुम्हालाही 'माहीत नाही' असंच म्हणाले असते.