जैसलमेरचा नवस कोणाच्या वाट्याला नाही

मी, सयाजी दत्तू निकम, वय ७६, मूळ गाव कोडोली, सध्या राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दाखल्याची एक झेरॉक्स कपाटात आहे, आणखी एक गादीखाली आहे. कोणी दबाव आणलेला नाही. वकिलांच्या मसुद्यात मी माझे चार शब्द घातले आहेत, ते गाळू नयेत.

१. राजारामपुरीतील दोन खोल्यांचा फ्लॅट मुलगा विजयसिंह याला द्यावा. गॅसचा कॉक झोपण्यापूर्वी दोनदा बघावा. तो हसेल, पण बघावा.

२. कोडोलीची माझ्या वाटणीची वीस गुंठे जमीन मुलगी स्नेहल हिला, जी गडहिंग्लजला दिली आहे. बँकेत जे असेल ते दोघांत निम्मे.

३. पान्यांची पेटी, जॅक आणि फौजेतली पाण्याची बाटली ज्याला हवी त्याने घ्यावी. कोणाला नको असेल तर वाईट वाटून घेणार नाही. माझी बायको अंबूबाई गेल्यापासून मला कशाचे फारसे वाटत नाही. चहा गोड आहे की नाही हेही कळत नाही.

४. आता नवसाचे. हे कलम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे.

सन १९७४ च्या जूनमध्ये मी जैसलमेरच्या पलीकडे फौजेचा पाण्याचा टँकर चालवत होतो. टँकर वाळूत रुतला. पाणी सरकारचे, उशीर झाला तर माझ्यावर येईल, या भीतीने मी टँकर सोडून चालत मदत आणायला निघालो आणि वाट चुकलो. मागे टँकरभर पाणी आणि मी दीड दिवस तहानेला. तेव्हा बोललो, जोतिबा, वाचव, घरची सगळी माणसं घेऊन इथं चालत येईन, गुलाल वाहीन. एका उंटवाल्याने मला उचलून नेले.

नवस फेडायला निघायलाच मला चौतीस वर्षे लागली. पुढे चार वेळा घरच्यांना तिकडे नेले. डांबरी रस्ता सोडला की अकरा किलोमीटर वाळू. जागा तीच होती का, सांगता येत नाही, तिथली टेकाडे हलतात. मी दर थोड्या वेळाने माणसे मोजायचो. विजयसिंह म्हणायचा, "बाबा, आम्ही शेरडं न्हाय." दर वेळी कोणीतरी कमी. एकदा स्नेहलची परीक्षा, एकदा विजयसिंहला रजा नाही. धाकटा भाऊ गणपती तर एकदाही आला नाही. सगळी माणसे कधी भरली नाहीत, म्हणून गुलालाची पुडी मी प्रत्येक वेळी परत आणली.

शेवटच्या वेळी, २०१३ च्या जानेवारीत, मी गणपतीला कोडोलीत जाऊन हाताला धरले. तो चार लोकांत म्हणाला, "दादा, नवस तू बोललास. माझ्या पायानं का फेडतोस?" मी त्याला नको ते बोललो. तेव्हापासून बोलणे बंद. अंबूबाईच्या मातीला तो आला होता, मागे उभा होता. मी पाहिले आणि मान फिरवली.

त्याच शेवटच्या वेळी अंबूबाई वाळूवर डोईवर पदर घेऊन डोळे मिटून बराच वेळ बसली होती. मी विचारले, काय मागितलेस? "काय न्हाय. नुसती बसले. लई दिसांनी कोण हाक मारत न्हवतं." मग म्हणाली, "झाला तुमचा नवस. वाहा गुलाल." मी म्हटले, गणपती राहिला. ती म्हणाली, "देव काय हजेरी घेतोय व्हय?" मी ऐकले नाही, पुडी पिशवीत ठेवली.

आता ती नाही, म्हणजे सगळी माणसे कधीच भरणार नाहीत. न फेडलेला नवस पोरांवर येतो असे आमच्यात म्हणतात. चौदा महिने मी याच काळजीत आहे. जोतिबाच्या डोंगरावर जाऊन गुरवाला विचारले. तो म्हणाला, "जो बोलला त्याचा नवस, पोरांचा न्हाय." तरी भीती गेली नाही, म्हणून लिहून ठेवतो. हा नवस माझा एकट्याचा. तो वारसांकडे जाणार नाही. माझ्यानंतर कोणी वाळवंटात जाऊ नये, माझी राखही नेऊ नये. पुडी देव्हाऱ्याच्या खणात आहे, ती माझ्याबरोबर चितेवर ठेवावी.

५. गणपतीला या मृत्युपत्रात काही ठेवलेले नाही, ते रागाने नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकिलांनी सांगितले, आणि मला त्याची सही हवी आहे. तो म्हणाला ते बरोबर होते, हे मी त्याच्यासमोर लिहून द्यायचे ठरवले आहे. विजयसिंह त्याला निरोप देऊन आला, उत्तर मिळाले नाही. दुपारपर्यंत वाट बघेन. तो नाही आला तर शेजारच्या शालूबाईंना सांगून ठेवले आहे.

ठिकाण : राजारामपुरी, कोल्हापूर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५
लिहून देणार : सयाजी दत्तू निकम (सही)

साक्षीदार १ : डॉ. संयोगिता घोरपडे. सयाजीरावांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २ : गणपती दत्तू निकम, रा. कोडोली. दादाने माझ्यासमोर सही केली. सगळे वाचले. मी स्टँडवरून इथपर्यंत चालत आलो, रिक्षा केली नाही. (सही)