मनगटावरचे ठिपके

नंदुरबार,
४ जून २०२५

ती. फुईस,
रोहिणीचा सा. न. वि. वि.

शोभाकाकूचे दिवस पार पडले. नवनीतकाका अजून दोन ताटं वाढायला सांगतात आणि आम्ही वाढतो.

डॉक्टरांनी कारण लिहिलंय : रक्तातून पसरणारी कावीळ. अलीकडे सुई कुठे टोचली होती, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली की सुई कसली, होळीला बेबीताईंनी, म्हणजे तू, गोंदलं तेवढंच.

फुई, काठी गावच्या होळीच्या जत्रेत तुझं गोंदणाचं दुकान आरोग्य निरीक्षक म्हणून मीच तपासलं. सुयांची पाकिटं मोजली, वापरलेल्या सुयांचा डबा उघडून पाहिला. तुझ्या तोंडातली मिसरी सोडली तर सगळं नियमात होतं. ‘समाधानकारक’ लिहून सही केली. ती सही आता डोळ्यांपुढून हलत नाही.

काकूला नवी सुई लावली होतीस का? फोनवर तू हसून विषय बदलला असतास, म्हणून लिहिते. खरं कळलं तर बाकीच्यांना वेळेत तपासता येईल. तोवर मशीन बंद ठेव.

रागावले तरी तुझीच भाची आहे, हे विसरू नकोस.

रोहिणी

---

म्हसावद,
९ जून २०२५

चि. रोहिणीस,
फुईचे अ. उ. आ.

मशीन लुगड्यात गुंडाळून कपाटात टाकलंय. तरी भरदुपारी त्याची घरघर ऐकू येते. उठून बघते, तर गाठ तशीच.

सुई नवीच होती. पाकीट शोभासमोर फोडलं. पण घरच्या माणसाला मी सरळ टोचत नाही. सुई आधी माझ्या मनगटावर लावून बघते, फार खुपत तर नाही ना. मग तीच त्यांना. परक्यांना पाकिटातून थेट; त्यांना दुखलं तर दुखलं. तू तपासायला आलीस तेव्हा परकेच बसले होते. शोभा मागून आली. ताईंचा हात म्हणजे फुंकर, असं म्हणून हसली होती.

घरच्या प्रत्येकाचा एक ठिपका माझ्या मनगटावर आहे. एकवीस आहेत, कोणाचा कुठला ते पाठ आहे. शोभाचा कडेला. दिवेलागणीला तेवढा एकच खाजतो. खोबरेल लावलं, राख लावली, ऐकत नाही.

मला तर कधी कावीळ झाली नाही. मग माझ्या रक्तात कशी असेल? तू मोठी साहेब शे, तूच सांग.

पहिला ठिपका तुझा. सातवीत होतीस, हनुवटीवर गोंदायला घाबरून पळत होतीस. म्हणून आधी मला टोचून दाखवलं. सवय तिथून लागली.

आता माया कर म्हणायलाही जीभ रेटत नाही.

फुई

---

नंदुरबार,
१४ जून २०२५

ती. फुईस,
सा. न. वि. वि.

ही कावीळ अंगावर न दिसता वर्षानुवर्षं रक्तात राहू शकते. मी माझं रक्त तपासून घेतलं. मला ती कधीतरी येऊन गेली आहे, पत्ताही लागला नाही. काकूला तिने सोडलं नाही.

घडलं ते सगळं लिहून वरिष्ठांकडे दिलं, माझ्या शेऱ्यासकट. माझी चौकशी होईल. होऊ दे.

मंगळवारी म्हसावदच्या सरकारी दवाखान्यात येते. तू बाही वर करून ये. एकेका ठिपक्याचं नाव सांग, मी लिहून घेते. काकूच्या ठिपक्यापाशी थांबू नकोस. माझा आणि तिचा सोडून एकोणीस जण उरतात, आणि त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

सिस्टर तुझंही रक्त घेतील. तू घाबरशील, मला ठाऊक आहे. मी हात धरीन. पण आधी स्वतःला टोचून दाखव, असं म्हणू नकोस.

तुझीच,
रोहिणी